कुकरखालची चकती

आमच्या ऐरोलीच्या घरात ओट्यावर एक लाकडी चकती आहे. वीतभराला थोडी कमी, दोन बोटं जाड, मधोमध सुरू होऊन कडेपर्यंत गेलेली एक चीर. शिट्ट्या झाल्या की कुकर उतरवून तिच्यावर ठेवायचा, एवढंच तिचं काम. एका बाजूला निळ्या ऑइल पेंटची खूण आहे. वाफेनं आणि तेलकट हातांनी ती इतकी पुसट झालीये की पाहुण्यांना त्यात कधी २ दिसतो, कधी गणपतीची सोंड. स्वयंपाकाच्या मावशी चकती नेहमी खूण खाली करून ठेवतात. मी येता-जाता सुलटी करते. आम्ही दोघी यावर एकदाही बोललेलो नाही.

ते प्रश्नचिन्ह आहे. मीच काढलंय, २००६ च्या फेब्रुवारीत, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात एका शेताच्या बांधावर उकिडवं बसून.

हे आता आठवायचं कारण म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. गेल्या महिन्यात त्यांनी लिफ्टशेजारी नोटीस लावली: मेंटेनन्सचं बिल यापुढे व्हॉट्सॲपवरच मिळेल, कागद वाचवा, जंगल वाचवा. (नोटीस अर्थातच कागदावर. छान पांढरा, गुळगुळीत ए-फोर.) खाली भेटले तेव्हा मी म्हटलं, "बिल खुशाल व्हॉट्सॲपवर पाठवा, पण त्या कागदात जंगल नाहीये हो, बहुतेक कुणाचं तरी शेत आहे." ते हसले. "मॅडम, तुम्ही झाडांवरच काम करायचात ना?" तेवढ्यात लिफ्ट आली. तीन मजल्यांत सांगून संपणारी गोष्ट नाही ती, म्हणून इथे लिहिते.

मी मूळची ठाण्याची, नौपाड्यातली. बॉटनीत एम.एस्सी. केलं आणि १९९६ साली एका कागद गिरणीच्या संशोधन रोपवाटिकेत नोकरी लागली. गिरणीचं नाव सांगत नाही. पुढे जे घडलं ते वाचल्यावर कारण कळेल. बाबांना ही नोकरी पटलीच नाही. "झाडं लावायला थेट आंध्रात? येऊर काय वाईट होतं?" आईची काळजी वेगळी, मुलगी गिरणीत जाते हे नातेवाइकांना सांगायचं कसं. आमच्याकडे गिरणी म्हणजे कापडाची नाहीतर पिठाची. मी म्हटलं, सांग की कागदांच्या कामात आहे. ती तसंच सांगायची आणि निम्म्या नात्यागोत्याला वाटायचं मी शेअर बाजारात आहे.

आमचं काम निघालं ते सरकारी धोरणातून. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनं लाकडावर चालणाऱ्या कारखान्यांना सांगितलं की सरकारी जंगलावर विसंबू नका, शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडा आणि आपला कच्चा माल त्यांच्याकडून पिकवून घ्या. तोवर गिरण्या मुख्यतः बांबूवर आणि जंगलातल्या लाकडावर चालायच्या. आता शेतकऱ्याला झाड लावायला लावायचं, तर त्याला त्यातून कापसा-मिरचीइतके तरी पैसे सुटायला हवेत. आणि बियांपासून वाढवलेली निलगिरी म्हणजे एका ओळीत एक ताड, एक खुजं, एक वाकडं. हेक्टरी वर्षाला जेमतेम सहा ते दहा घनमीटर लाकूड. त्या भावात कोण रान अडकवणार?

वाट दाखवली ब्राझीलनं. तिथल्या अराक्रूझमध्ये सत्तरच्या दशकापासून निवडक निलगिरीची छाट कलमं लावून हजारो हेक्टर एकसारखी झाडं उभी केली. १९८४ साली त्या चमूला मार्कुस वालेनबर्ग पुरस्कार मिळाला, वनक्षेत्रातला नोबेलच म्हणा. आपल्याकडे भद्राचलमला १९८९ च्या सुमारास डॉ. पियारे लाल यांनी तसं काम सुरू केलं आणि चांगल्या जमिनीत वीस-पंचवीस घनमीटरपर्यंत मजल मारली. त्यांच्या क्लोनांचे (क्लोन म्हणजे एकाच झाडापासून कलमं करून वाढवलेली झाडं) आकडे, तीन नंबर, सात नंबर, चारशे तेरा नंबर, खेड्यापाड्यांतले शेतकरी उसाच्या वाणासारखे घडाघडा म्हणायचे. आमची गिरणी त्यांच्या मागून धावणाऱ्यांतली.

सुरुवातीला मला वाटायचं, यात संशोधन ते काय? उंच झाड शोधा, त्याची कलमं करा. पहिल्याच वर्षी माझी रग जिरली. खम्मम भागात एका शेतात मला एक झाड सापडलं. शेजारच्या पाच झाडांशी तुलना करायची असा नियम होता. हे त्या पाचांहून उंचीला दीडपट, घेराला जवळजवळ दुप्पट, बुंधा सोट. फोटो काढले, घेर मोजला, ऑफिसात पेढे वाटायचेच बाकी होते. आमचे साहेब आले, झाडाकडे बघितलंही नाही, शेतकऱ्याला विचारलं, "इथे आधी काय होतं?" तो म्हणाला, "आजोबांच्या वेळचा उकिरडा." संपलं. तेव्हापासून रोपवाटिकेत माझं नाव 'उकिरडा मॅडम'.

झाड मोठं झालं ते रक्तामुळे की खतामुळे, हे नुसतं बघून कळत नाही. ते कळायला त्याची शेकडो कलमं करायची, वेगवेगळ्या जमिनींत, दुसऱ्या क्लोनांमध्ये चिठ्ठ्या टाकून जागा ठरवल्यासारखी विखरून लावायची आणि चार-पाच वर्षं थांबायचं. काळ्या रानात, माळावर, पाणथळीत, सगळीकडे जो पुढे राहील तो खरा. शंभर झाडांपासून सुरुवात केली तर शेवटी हातात तीन-चार उरतात. झाडं निवडण्याच्या नोकरीत आयुष्याचा बहुतेक वेळ झाडं नाकारण्यात जातो.

कलमांचीही एक गंमत आहे. मोठ्या निलगिरीच्या शेंड्याची फांदी आणून लावली तर मुळं धरत नाही. झाड म्हातारं झालेलं असतं, लाकडानं नाही, वृत्तीनं. म्हणून ज्या झाडावर जीव जडला ते आधी कापायचं. बुंधा टीचभर ठेवायचा. दीड-दोन महिन्यांत त्यातून फुटवे येतात, उसाचा खोडवा यावा तसे, आणि ते फुटवे तरणे असतात. त्यांना मुळं येतात. आवडलेलं झाड तोडल्याशिवाय त्याची पोरं मिळत नाहीत, हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "असलं काही रात्री सांगत जाऊ नकोस."

फुटव्याचं दोन पानांचं पेर कात्रीनं कापायचं. पानं अर्धी छाटायची, म्हणजे पाणी कमी उडतं. बुरशीनाशकात बुडवायचं, मग टोक आयबीएच्या पांढऱ्या पावडरीत टेकवायचं. आयबीए म्हणजे मुळं फोडणारं संजीवक. ते टाल्कममध्ये मिसळलेलं असायचं, त्यामुळे आमच्या हातांना कायम बाळाच्या पावडरीसारखा स्पर्श. मग व्हर्मिक्युलाइट, म्हणजे भाजून फुलवलेलं हलकं खनिज, भरलेल्या रूट ट्रेनरमध्ये खोचायचं. रूट ट्रेनर म्हणजे काळ्या प्लॅस्टिकचा निमुळता पेला, आत उभ्या धारा असलेला, म्हणजे मुळं गोल गोल न फिरता सरळ खाली जातात. त्यांचे रॅक मिस्ट चेंबरमध्ये महिनाभर. आत नव्वद टक्के आर्द्रता, पस्तीस अंश, दर काही मिनिटांनी फुस्स करून धुकं. मे महिन्यात बाहेर चव्वेचाळीस असायचं आणि आत शिरलं की डोळे मिटून मला ठाणं स्टेशन आठवायचं. जूनमधला सहा नंबरचा प्लॅटफॉर्म, पाऊस पडून गेलेला, लोकल आलेली. तोच दमटपणा, तीच घुसमट. तिथल्या बायका म्हणायच्या, "मॅडमगारू, तुम्हाला इथे त्रास कसा होत नाही?" मी म्हणायचे, आमच्याकडे याला हवा म्हणतात.

पेद्दम्मा नावानं सगळे जिला हाक मारायचे ती सर्वांत जुनी कामगार. दिवसाला दीड हजार पेरं खोचायची. पेर हातात घेऊन अंगठ्यानं जरा वाकवायची आणि एखादं बाजूला टाकायची. विचारलं की म्हणायची, "हे धरणार नाही." मी एकदा तिनं टाकलेली दोनशे पेरं गुपचूप लावून बघितली. सात लागली. त्यानंतर मी विचारणं सोडलं.

पण कलमांनी नवं काही निर्माण होत नाही. आहे त्याचीच नक्कल होते. नवं हवं तर संकर करायचा, आणि त्यासाठी फुलापाशी जायचं. निलगिरीचं शास्त्रीय नाव यूकॅलिप्टस, त्या शब्दाचा अर्थच 'नीट झाकलेलं' असा आहे. कळीवर एक टोपी असते. फूल उमलताना ती गळते आणि आतून पुंकेसरांचा पांढरा झुबका बाहेर येतो. आम्ही टोपी पडायच्या आत पोचायचो. बांबूच्या मचाणावर चढायचं, टोपी हिरवीची पिवळसर झाली की ब्लेडनं कळीभोवती गोल चीर द्यायची आणि टोपीसकट सगळे पुंकेसर एका झटक्यात उचलायचे. मधला कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी, तेवढा ठेवायचा. ब्लेड केसभर खोल गेलं की कळी बाद. मग पिशवी बांधायची, माश्यांनी घोटाळा करू नये म्हणून. आठवड्यानं पुन्हा वर. तोवर टोकाशी चिकट चकाकी आलेली असते. तेव्हा दुसऱ्या जातीचे पराग लावायचे. आमची आई टेरेटिकॉर्निस, दुष्काळाला न डगमगणारी. बाप टिमोर बेटांकडचा युरोफिला, झपाट्यानं वाढणारा. पराग सिलिका जेलबरोबर फ्रीजमध्ये ठेवायचे. प्रयोगशाळेतली वीज बेभरवशाची, म्हणून ते आमच्या क्वार्टरमधल्या फ्रीजमध्ये, दह्याच्या वर. नवऱ्याला सक्त ताकीद होती, छोट्या बाटल्यांना हात लावायचा नाही.

तिसऱ्यांदा वर जायचं ते पिशवी काढायला. मग काही महिन्यांनी बोंडं. बी मोहरीपेक्षाही बारीक. तीन वेळा चढून, एका फुलामागे चार-पाच रोपं हाती आली तर दिवस चांगला. त्या वेळी माझं वय सत्तावीस होतं. आज कुणी त्या मचाणावर चढायला सांगितलं तर मी खालूनच आशीर्वाद देईन.

झाड चांगलं वाढलं म्हणजे पास झालं असंही नाही. लाकडातला सेल्युलोज कागदाच्या कामाचा, त्याला बांधून ठेवणारा लिग्निन काढून टाकायचा. (कपाटात साड्यांखाली घातलेलं वर्तमानपत्र पिवळं पडतं ना, ते या लिग्निनमुळे, स्वस्त कागदात तो राहू देतात.) उभ्या झाडाची घनता मोजायला एक स्प्रिंगचं यंत्र असायचं. बुंध्याला टेकवून दाबलं की पोलादी सुई आत घुसते. जितकी कमी घुसली तितकं लाकूड घट्ट. मग लाकडाच्या ढलप्या छोट्या डायजेस्टरमध्ये कॉस्टिक आणि सोडियम सल्फाइडबरोबर एकशे पासष्ट-सत्तर अंशांवर शिजवायच्या. सडक्या अंड्यांचा आणि कुजलेल्या कोबीचा मिळून जो वास होईल तो वास. शिजल्यावर धुऊन वाळवून वजन. शंभर किलो कोरड्या लाकडातून पंचेचाळीस ते पन्नास किलो लगदा. सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस यांतला एक टक्का घरी बसून क्षुल्लक वाटतो, पण वर्षाला लाखो टन लाकूड शिजवणाऱ्याला त्यासाठी एखादा क्लोन डोक्यावर घेऊन नाचावंसं वाटतं.

नवरा त्याच गिरणीत, रिकव्हरी बॉयलरवर. लाकडातून निघालेला लिग्निन काळ्या रसात जातो आणि तो रस जाळून गिरणी आपली वाफ आणि वीज काढते. म्हणजे मी लिग्निन कमी करायच्या मागे आणि हा तोच जाळून पोट भरणारा. "तुझं संशोधन यशस्वी झालं की माझी भट्टी थंड," असं तो दर वाढदिवसाला म्हणतो. अजून म्हणतो.

निलगिरीचा धागा आखूड, एक मिलिमीटरच्याही आत. त्यामुळे छापायचा कागद गुळगुळीत होतो. खोक्याला लागते ती ताकद, आणि ती येते लांब धाग्यातून, पाईनसारख्या झाडांच्या. तो तीन मिलिमीटरच्या आसपास असतो. वाशीच्या मार्केटात हापूसचा पुठ्ठ्याचा खोका घेतला की मी कड फाडून बघते. नवरा दोन पावलं लांब जाऊन उभा राहतो. फाटलेल्या कडेला लांब, रेशमी तंतू दिसले तर समजायचं, यात परदेशी खोक्यांची रद्दी मिसळलीये, न्हावा शेवाला कंटेनरनं उतरलेली. नुसत्या देशी रद्दीचा पुठ्ठा बिस्किटासारखा तुटतो. आंबे कसे निघाले ते घरी आल्यावर बघायचं.

आता चकतीकडे येते.

२००१ चा पावसाळा. त्या वर्षी मागणी अंगावर आलेली, रोज चार-पाच ट्रॅक्टर रोपं न्यायला दारात. आमच्याकडे दोन पास झालेले क्लोन होते, आणि बाजूच्या शेडमध्ये चाचणीसाठी ठेवलेले चाळीस नवे, प्रत्येकाची थोडी थोडी रोपं. रॅकना तारेनं बांधलेली पत्र्याची लेबलं. जुलैमधल्या एका रात्री वादळ आलं, शेडची जाळी फाटली, लेबलं तुटून चिखलात. सकाळी मी आणि एक मुलगा मिळून ती परत बांधली. मी आदल्या रात्री अडीचपर्यंत जागी होते, मुलीला ताप होता. नेमकं काय झालं ते मला आजही शपथेवर सांगता येणार नाही, पण दुपारी गेलेल्या एका ट्रॅक्टरमध्ये पास झालेल्या क्लोनाच्या रॅकांबरोबर चाचणीचे तीन-चार रॅक गेले. तीन एकरांचं शेत. साधारण दोन हजार रोपं, त्यांतली दोनशे-अडीचशे कुठली ते कुणालाच ठाऊक नाही.

ही गोष्ट कळली दोन वर्षांनी, जेव्हा शेतकरी तक्रार घेऊन आला. क्लोनाच्या शेताची शोभा म्हणजे सगळी झाडं सैनिकांसारखी. याच्या शेतात ओळीओळींत खड्डे दिसायचे. मागे पडलेली झाडं पुढच्यांच्या सावलीत गुदमरलेली. तो साधा माणूस, आवाजही चढवला नाही. म्हणाला, "अम्मा, मी एकाच क्लोनाचे पैसे भरले होते." मी वहीत बघितलं, तारीख बघितली आणि पायातलं बळ गेलं. वरिष्ठांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, लेखी काही देऊ नका. त्याला भरपाई मिळाली नाही. पुढच्या वेळी रोपं निम्म्या दरात देऊ, एवढंच. त्या काळात मी गप्प बसले, हे इथे नोंदवून ठेवते.

२००६ ला त्यानं तोड केली. मी मुद्दाम गेले. वजन भरलं ते शेजाऱ्याच्या शेतापेक्षा चांगलंच कमी. मागे पडलेल्यांपैकी एक झाड तेवढं बऱ्यापैकी जाड झालेलं. त्याची छातीच्या उंचीवरून एक चकती कापून घेतली. निलगिरीच्या लाकडात वाढताना ताण साठलेला असतो, कापलं की ते तडकतं. माझ्या हातातच चर्र आवाज करत ही चीर गेली. प्रत्येक चकतीवर क्लोनाचा नंबर टाकायची सवय. ब्रश हातात घेतला आणि लिहायला नंबरच नव्हता. म्हणून ते प्रश्नचिन्ह.

पुढच्याच वर्षी माशी आली.

माशी म्हणजे गांधीलमाशीच्या कुळातली, सव्वा मिलिमीटर लांबीची, ऑस्ट्रेलियातून जगभर पसरलेली. शास्त्रीय नाव लेप्टोसायबी इन्व्हेजा. २००४ साली तिचं रीतसर बारसं झालं आणि तीन वर्षांत ती आमच्या दारात. कोवळ्या पानाच्या शिरेत आणि देठात अंडी घालते. तिथे गाठी धरतात, आधी हिरव्या, मग गुलाबी, मग तपकिरी, शेवटी टाचणीच्या टोकाएवढी भोकं. पानं मुरडतात, शेंडा थांबतो. नर लागतच नाही म्हटलं तरी चालेल. एकटी मादी घराणं वाढवते. रोपवाटिकेत सकाळी गेले तर मिस्ट चेंबरबाहेरची रोपं मुठी आवळून उभी असल्यासारखी दिसत होती. पेद्दम्मानं एक पान चुरडलं, वास घेतला आणि म्हणाली, "याला देवी आल्यात."

आमचे दोन्ही आवडते क्लोन सगळ्यांत जास्त लागले. यात नवल नव्हतं. एक झाड लागलं की सगळी लागणार, कारण ती सगळी एकच झाड. नवीन लागवडी गेल्या, आणि तोडीनंतरचे कोवळे फुटवे तर तिच्या खास आवडीचे. त्याच सुमारास निरोप आला की त्या तीन एकरांत काही बुंधे स्वच्छ आहेत. शेतकऱ्यानं नातवाकरवी कळवलं होतं: चुकीची झाडं हिरवी आहेत, बरोबरची मेली.

आम्ही कागदपत्रं काढली. चाळीस चाचणी-क्लोनांपैकी सात आम्ही ठेवले होते. बाकीचे तेहतीस २००४ मध्ये मातृबागेतून, म्हणजे कलमांच्या फुटव्यांसाठी राखलेल्या झाडांतून, उपटून टाकले होते, कुणी हळू वाढतं म्हणून, कुणाचा लगदा कमी म्हणून, आणि मुख्यतः जागा अडते म्हणून. मी तेव्हा वरती लिहिलं होतं की प्रत्येकाची दोन-दोन झाडं एका कोपऱ्यात राहू द्या. कोईमतूरच्या वन आनुवंशिकी आणि वृक्ष पैदास संस्थेतल्या प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं: विकायची झाडं वेगळी, जपायची वेगळी, आज नको असलेला गुण उद्या लागतो. अर्धा एकर जागेचा प्रश्न होता. नाही मिळाली. ठेवलेल्या सातांना माशीसमोर उभं केलं, त्यांतले दोन बऱ्यापैकी टिकले, पण त्यांची पानं त्या शेतातल्या पानांशी जुळत नव्हती. म्हणजे ते हिरवे बुंधे टाकलेल्या तेहतिसांतलेच.

लगेच जीप काढायला हवी होती. पण मार्च अखेर, बजेट, डिझेलची मंजुरी. तीन आठवडे गेले. पोचलो तेव्हा शेतात जेसीबीचे दात उमटलेले होते आणि बांधावर मुळासकट उलथलेले बुंधे रचलेले. त्यानं मिरचीसाठी रान मोकळं केलं होतं. वाळलेल्या बुंध्यांत ओला फुटवा शोधत आम्ही दोन तास फिरलो. एकही नाही. त्याच्या बायकोनं ताक दिलं. तो म्हणाला, "अम्मा, निरोप धाडला होता ना मी."

माशीवर पुढे उतारा निघाला. तिच्याच देशातली तिच्यावर जगणारी एक छोटी परोपजीवी माशी, शिवाय सोसणारे नवे क्लोन, आणि एका गावात एकच क्लोन न लावता चार-पाच तुकड्यातुकड्यानं लावायची शिस्त. निलगिरीबरोबर सुरूची झाडं आणि सुबाभूळही आली. २०१४ साली निलगिरीचा सगळा जीनोम वाचून झाला. आता रोप हातभर असतानाच त्याच्या डीएनएवरून बराच अंदाज बांधता येतो म्हणतात. मी तोवर त्यातून बाहेर पडले होते. २००९ ला नवऱ्याला महापेत नोकरी मिळाली आणि आम्ही ऐरोलीला आलो. मी आता अकरावी-बारावीच्या मुलांना बायो शिकवते.

मुरबाडचे मामा आले की मला अजून चिडवतात. ऐंशीच्या सुरुवातीला उरुळीकांचनहून, मणिभाई देसाईंच्या बाएफ या संस्थेतून, त्यांनी सुबाभळीचं बी आणलं होतं. चाऱ्याला, जळणाला, बांधाला, सगळ्याला चालणारं कल्पवृक्ष. १९८८ मध्ये त्यावर मावा आला, म्हणजे ते मावाच म्हणतात, होता सायला नावाचा किडा, आणि शेंडे काळे पडले. तेव्हापासून ते तिला कुबाभूळ म्हणतात. बी मात्र एवढं पडलं होतं की आजही मामींना अंगणात दर पावसाळ्यात रोपं उपटावी लागतात. "तुम्ही शास्त्रज्ञ लोक," मामा म्हणतात, "एकच झाड डोक्यात घेता." मग निलगिरी जमिनीचं पाणी पिते यावर जेवणापर्यंत वाद. मी म्हणते, किलोभर लाकडामागे ती पाणी उधळत नाही, पण भरभर वाढणारं आणि दाट लावलेलं काहीही एकरामागे जास्त ओढणारच. जिथे विहिरी आधीच तळाला गेल्यात तिथे ती लावू नये, आणि कर्नाटकानं २०१७ मध्ये नव्या लागवडीवर बंदी आणली तेव्हा कोलारकडची बोअरवेल बघितलेल्या कुणाला ते नवल वाटलं नसेल. मामांना यातलं पहिलं वाक्य ऐकू येत नाही, मला त्यांचं शेवटचं.

परवा सेक्रेटरींना घरी चहाला बोलावलं. ही सगळी गोष्ट नाही सांगितली, थोडी सांगितली. ते चकती हातात घेऊन उलटसुलट बघत होते. "यावरून आता डीएनए नाही का काढता येणार, मॅडम?" म्हणाले. हुशार माणूस. मी सांगितलं, वाळलेल्या लाकडातून काढणं अवघड, त्यात अठरा वर्षं कुकरची वाफ खाल्लेली, आणि समजा निघाला, तरी जुळवून बघायचं कशाशी? त्या तेहतिसांचं पान पण कुणी ठेवलेलं नाही.

ते गेल्यावर मावशींनी कप विसळले, ओटा पुसला आणि चकती जागेवर ठेवली. खूण खाली.